अमळनेरचा संध्याकाळचा इंग्रजी क्लास: आधी एक तारा, आता तीन

या क्लासबद्दल मी जूनमध्ये एकदा लिहिलेलं आहे. भाच्याने माझ्या सांगण्यावरून टाइप केलं होतं आणि एकच तारा दिला होता, तोही शून्य देता येत नाही म्हणून. तेव्हा क्लासचं नाव घातलं होतं. त्यावरून गल्लीत जे बोलणं व्हायचं ते झालं, म्हणून या वेळी नाव घालत नाही. खत-बियाण्यांच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून, मोठ्या माणसांसाठी भरतो तो. ज्याला जायचं असेल त्याला सापडेल.

आधी माझं सांगते. मी शिलाईकाम करते, सव्वीस वर्षं झाली. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. मुलगा पुण्याला, नातू इंग्रजी शाळेत. दिवाळीत आला तेव्हा मी सकाळी म्हटलं फटाके आणायचे नाहीत, आणि संध्याकाळी त्याचं तोंड बघून स्वतःच आणले. तर तो सगळ्यांसमोर इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यातलं मला फक्त 'आजी' आणि 'यू-टर्न' एवढंच कळलं. सगळे हसले म्हणून मीही हसले. मागाहून मनाला लागलं. म्हणून क्लास. फी 1,800 रुपये, दोन महिने, आठवड्याला पाच दिवस, सात ते सव्वाआठ.

एक तारा का दिला होता तेही सांगते, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं. प्रवेश घेताना सर म्हणाले, वेळ सातचीच राहणार, बायकामाणसं येतात. पंधरा दिवसांत ग्रुपवर निरोप, उद्यापासून सहा. सहा म्हणजे माझ्या दुकानावर गिऱ्हाईक उभं राहायची वेळ. आठ दिवसांनी परत सात. मग एक दिवस साडेसहा. खाली बॅनरवर 'साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी', आणि वर्गात सर म्हणतात, किमान चार महिने तरी द्या. नोट्स फीमध्येच आहेत असं सांगून झेरॉक्सचे 120 रुपये वेगळे घेतले. खुर्च्या प्लास्टिकच्या, एकीचा पाय तडकलेला, आणि जो उशिरा येईल त्याच्या वाट्याला ती. खालून खताचा वास येतो तो वेगळाच.

मत बदललं ते जुलैतल्या दोन संध्याकाळींमुळे. त्या लिहायच्या म्हणून हे सगळं.

पाऊस होता, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक ट्यूब चालू. सरांनी सांगितलं, सोमवारपासून पुन्हा सहा वाजता. माझं डोकं फिरलं. उभी राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्ही यू-टर्न मारला." माझ्या मागून एसटीतले आप्पा अहिराणीत बोलले, "सर तं फिरी ग्यात ना माय!" वर्ग हसला. मला वाटलं सर चिडतील. ते म्हणाले, "ताई, रागवा. पण बरोबर शब्द वापरून रागवा. हा यू-टर्न नाही." आणि त्यांनी फळ्यावर मत किंवा बाजू बदलण्याचे इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहायला घेतले. निम्म्यात मार्कर वाळला, ते नेहमीचंच.

अकरा जण होतो आम्ही. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एक दादा फौजेतून परत आलेले. एक भाऊ टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे, आता सीसीटीव्ही बसवतात. एकाचं सायकलचं दुकान, दोन अंगणवाडी सेविका, बाकी पोरं. सरांची खुबी अशी की शब्दाचा अर्थ त्यांनी सांगितलाच नाही. शब्द लिहायचा आणि विचारायचं, हे काम तुमच्यापैकी कोणी केलंय?

यू-टर्न अर्थातच आप्पांकडे गेला. आप्पा म्हणाले, "यू तुमच्या मोटरसायकलीचा. एसटी यूमध्ये वळत नाही. कंडक्टर खाली उतरतो, शिट्टी मारतो, येऊ द्या येऊ द्या करतो, मग थांब, मग पुढे, मग परत मागे." सर म्हणाले, सरकारंही अशीच वळतात, पेपरात फक्त यू छापतात. मग आप्पांनी एक गोष्ट सांगितली ती सरांच्या झेरॉक्समध्ये नव्हती. चाळीसगावहून कन्नडला जाताना घाट लागतो. तिथल्या वळणावर गाडीचं तोंड पार उलटं होतं, एका मिनिटापूर्वी डाव्या हाताला असलेली दरी उजव्या हाताला येते. नवीन पॅसेंजर म्हणतो, ड्रायव्हरने गाडी परत फिरवली की काय. पण गाडी चाललेली असते कन्नडलाच. सरांनी फळ्यावर लिहिलं 'हेअरपिन' आणि दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मी तेव्हापासून बातम्या बघताना हेच बघते, की तोंड फिरलंय की गावच बदललंय. पुढारी मंडळी कायम म्हणतात घाट होता. बहुतेक वेळा नसतो.

यू-टर्न याच शब्दावर सरांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर बाईंचं सांगितलं. 10 ऑक्टोबर 1980, ब्रायटन शहरात त्यांच्या पक्षाचं अधिवेशन. बेकारी वाढलेली, लोक म्हणत होते आता ही बाई धोरण बदलणार. कारण आठ वर्षांपूर्वी, 1972 मध्ये, त्यांच्याच पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी आर्थिक धोरण असंच फिरवलं होतं. तर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वळायचं तर तुम्ही वळा, ही बाई वळणारी नाही. गंमत अशी की इंग्रजीत 'यू' हे अक्षरही आहे आणि 'तुम्ही'ही आहे. 'यू टर्न' म्हणजे 'तुम्ही वळा'. ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकू येतं. मराठी लिपीत लिहिलं तरी हा श्लेष जसाच्या तसा उतरतो, मी वहीत लिहून पाहिला. नातवाला फोनवर सांगितला तर त्याला माहीत नव्हता. त्या दिवशी 1,800 रुपये वसूल झाले असं समजा.

अबाऊट टर्न फौजी दादांनी करूनच दाखवलं, त्या अरुंद वर्गात, खुर्च्या सरकवून. उजवी टाच, डाव्या पायाचा चवडा, उजवीकडून पूर्ण फिरायचं आणि मग डावा पाय आणून जोडायचा. आपल्याकडे शाळेच्या कवायतीत 'पीछे मुड' म्हणतात तेच. इंग्रज अबाऊट टर्न म्हणतात, अमेरिकन लोक अबाऊट फेस. दादा म्हणाले, "याच्यात विचार कुठे असतो सर? हुकूम आला की फिरायचं." म्हणून हा शब्द, असं आम्ही ठरवलं, कालपर्यंत एक बोलणारे शंभर जण वरून फोन आल्यावर एका दमात उलटं बोलायला लागतात, त्यांच्यासाठी ठेवायचा.

'व्होल्ट फेस' असं मी वाचलं. सीसीटीव्हीवाले भाऊ म्हणाले, हे लाइटीचं दिसतंय, 440 व्होल्टचं. सर म्हणाले, उच्चार 'वॉल्ट-फास', म्हणजे मत एकदम उलटं करणं. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, फ्रेंचांनी इटलीकडून घेतला. इटलीच्या भाषेत 'व्होल्टारे' म्हणजे वळवणं, 'फाच्चा' म्हणजे तोंड. म्हणजे सरळ 'तोंड फिरवणं'. इथे मी हात वर केला. आपल्यात जाऊबाईने लग्नात मला बघून तोंड फिरवलं म्हणजे तिचं मत बदललं असं नाही होत. उलट तिचं मत वीस वर्षांत तसूभर बदललेलं नाही म्हणूनच ती तोंड फिरवते. आपण मत बदललं की तोंड नाही, शब्द फिरवतो. सरांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. अंगणवाडीच्या ताई हसून हसून लाल झाल्या, त्यांचीही जाऊ तशीच असणार.

फ्लिप-फ्लॉप. हा शब्द माझ्या तक्रारीला लागू होता. इंग्रजीत रबरी सपातेलाही फ्लिप-फ्लॉप म्हणतात, पट-पट वाजते म्हणून. आज इकडे, उद्या तिकडे, परवा परत इकडे, असा माणूस. 2004 साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती तेव्हा जॉन केरी या उमेदवाराला हाच शब्द चिकटवला. लष्करी खर्चाच्या 87 अब्ज डॉलरच्या प्रस्तावाबद्दल ते म्हणून गेले होते की विरोधात मत देण्याआधी मी बाजूने मत दिलं होतं. मग काय, समोरच्या पक्षाचे लोक सभांमध्ये सपाता हातात धरून हलवायला लागले. आपल्याकडे सभेत चप्पल दाखवली तर अर्थ वेगळा होतो, ते सरांनी सांगायची गरज नव्हती.

पण इथे सीसीटीव्हीवाल्या भाऊंनी सरांना अडवलं. ते म्हणाले, फ्लिप-फ्लॉप हे सर्किट असतं. 1918 मध्ये एकल्स आणि जॉर्डन या दोन इंग्रजांनी तसं पहिलं सर्किट काढलं, तेव्हा काचेच्या व्हॉल्व्हचं. त्याला दोनच अवस्था, चालू नाहीतर बंद, एक किंवा शून्य. आणि त्याचा गुण असा की ज्या अवस्थेत ठेवाल तिथेच बसून राहतं, पुढचा सिग्नल येईपर्यंत हलत नाही. म्हणून तर त्याच्यावर मेमरी बनते. "डळमळणाऱ्या माणसाला हा शब्द म्हणजे सर्किटचा अपमान आहे सर." सरांना हे माहीत नव्हतं आणि त्यांनी तसं कबूल केलं. मला आवडलं ते. मास्तर माणूस 'मला माहीत नव्हतं' म्हणतो हे आमच्या पिढीने शाळेत पाहिलेलं नाही.

मग स्वतःच म्हणाले, "ताई, वेळेच्या बाबतीत मी केलं ते फ्लिप-फ्लॉप." सात कायम झाले. आजपर्यंत कायम आहेत.

बॅकपेडल सायकलवाल्याकडे गेला. जुन्या सायकलींना पायडल आणि चाक एकमेकांना जखडलेले असायचे, त्यामुळे पायडल मागे दाबलं की सायकल हळू व्हायची. म्हणून बोललेल्यातून हळूहळू मागे सरकायचं ते बॅकपेडल. सायकलवाला म्हणाला, आपल्या सायकलीला फ्रीव्हील आहे. पायडल उलटं मारा, नुसतं कटकट कटकट वाजतं, सायकल पुढेच जाते. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' हे वाक्य ऐकलं की मला हल्ली ती कटकट ऐकू येते.

आता माझा शब्द. टर्नकोट. कोट उलटा घालणारा, म्हणजे बाजू बदलणारा, फितूर. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत शिवी म्हणून आहे. आपल्या बाजूचा रंग कोटावर दिसू नये म्हणून आतली बाजू बाहेर. सरांनी विचारलं, हे काम कोणी केलंय? मी म्हटलं, मी. शेकडो वेळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शर्टाची कॉलर मानेवर घासून घासून विरते. घडीवर धागे सुटतात, घामाची रेघ जात नाही, बाकी शर्ट मात्र धडधाकट असतो. अशा वेळी कॉलर पट्टीपासून उसवायची, ब्लेडने, एकेक टाका, घाई केली की पट्टी फाटते. मग कॉलर उलटी करून परत त्याच पट्टीत बसवायची. विरलेली बाजू खाली जाते, खालची कोरी बाजू वर येते. बकरम चांगलं असलं पाहिजे, नाहीतर टोकं कुत्र्याच्या कानासारखी वळतात. माझ्या गुरूबाई म्हणायच्या, कॉलर उलटवलेली कळली तर मजुरी घेऊ नकोस. पूर्वी शिक्षक, कारकून, पोस्टातले लोक सर्रास करून घ्यायचे. एक हेडमास्तर होते, त्यांचे पाच शर्ट, पाचही मी उलटवलेले. शर्ट दोन वर्षं जास्त चालायचा. आता कोणी करत नाही, साडेतीनशेला नवीन मिळतो. शेवटची कॉलर मी उलटवली त्याला सहा-सात वर्षं झाली असतील.

तर मी सरांना म्हटलं, कापड उलटवणं हा आमच्यात काटकसरीचा भाग, गरिबाची अब्रू झाकायचा. इंग्रजांनी त्याची शिवी केली. सर म्हणाले, शिवी उलटवण्याची नाही, लपवण्याची आहे. मी म्हटलं, हेडमास्तरही लपवतच होते. यावर वर्ग सुटेपर्यंत भांडलो आम्ही, निम्मं इंग्रजीत, आणि घरी जाताना माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदाच मी दहा-बारा मिनिटं इंग्रजीत बोलले. चुकीचं बोलले, पण बोलले. सरांनी ते मुद्दाम केलं होतं की नाही, विचारलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी उरलेले शब्द भराभर झाले. पिव्हट म्हणजे एक पाय जागेवर ठेवून दिशा बदलणं. त्याला उदाहरण घरचंच. 1945 साली आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाची गिरणी म्हणून सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स पुढे संगणकात शिरली आणि विप्रो झाली. गावात कुणी शेअर घेतले, कुणी नाही घेतले. आमच्या सासऱ्यांनी घेतले नव्हते, तो विषय घरात काढायचा नसतो. रिकँट म्हणजे जाहीरपणे आपलंच बोलणं मागे घेणं; 22 जून 1633 ला रोममध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसून 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' हे मागे घ्यावं लागलं तसं. लॅटिन मुळात त्याचा अर्थ उलटं गाणं असा आहे. तो शब्द ऐकून कोणाला हसू आलं नाही. आणि एक 'रिव्हर्स फेरेट' म्हणून होता, लंडनच्या 'द सन' पेपरातला, केल्व्हिन मॅकेंझी संपादक असतानाचा. कुणाच्या मागे लागायचं म्हणजे त्याच्या विजारीत फेरेट सोडायचं, आणि पेपरची भूमिका अचानक बदलायची तर ते उलटं काढायचं. फेरेट म्हणजे मुंगसासारखं जनावर. मी तो शब्द वापरायची शक्यता नाही.

उणं एकच राहिलं. सरांनी मराठी शब्दांना हात लावला नाही. आपल्याकडे काय कमी आहेत? घूमजाव आहे, पेपरात रोज असतो. कोलांटउडी, पलटी, टोपी फिरवणं, पोरांचं तळ्यात-मळ्यात. आयाराम-गयाराम तर आपल्याच देशात 1967 मध्ये जन्मला, हरयाणाचे गया लाल नावाचे आमदार पंधरा दिवसांत तीनदा इकडून तिकडे गेले तेव्हा. पक्षांतराला आळा घालायचा कायदा यायला 1985 उजाडलं. हे फळ्यावर इंग्रजी शब्दांच्या शेजारी मांडलं असतं तर पोरांना जास्त लक्षात राहिलं असतं. मी सरांना सांगितलंय. बघू म्हणाले. 'बघू' हा कुठल्या शब्दाचा मराठी भाऊ, ते विचारायचं राहिलं.

जायचं की नाही ते सांगते. नोकरीच्या मुलाखतीसाठी घाईने इंग्रजी पाहिजे असेल तर जाऊ नका, इथे ते होत नाही. बॅनरवर विश्वास ठेवू नका, चार महिने धरून चला. गुडघे दुखत असतील तर जिन्याचा विचार करा, कठडा एकाच बाजूला आहे आणि पावसात निसरडा होतो. बायकांनी बिनधास्त जावं, सव्वाआठला आप्पा सगळ्यांना चौकापर्यंत सोडतात. उन्हाळ्यात काय होतं ते मला माहीत नाही, वर पत्रा आहे आणि पंखा एक, तेव्हा अंदाज करा. सात वाजता गेलात तर तडकलेली खुर्ची मिळणार नाही.

परवा तारे बदलायला भाच्याला बसवलं तर तो म्हणाला, "मावशी, ही तर पलटी." मी म्हटलं, आधीचं एक अक्षर पुसायचं नाही. वेळेचं, बॅनरचं, खुर्चीचं, सगळं तिथेच राहू दे, त्याच्या खाली हे टाक. पाचातले दोन तारे अजून माझ्याकडे आहेत. झेरॉक्सचे 120 रुपये परत आले की त्यातला एक देईन.